पैसा परका, हिशेब आपला

(जिल्ह्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजच्या सत्राचा विषय कागदावर ‘आंतरराष्ट्रीय भांडवल आणि देशाचा विकास’ असा छापला आहे. तो वाचून दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, ते माझ्या लक्षात आलं. हा विषय आपला नाही, तो मुंबईतल्या शेअर बाजारवाल्यांचा, दिल्लीतल्या अर्थमंत्र्यांचा, असं आपल्याला वाटतं. असं वाटायला लावणं हाही या विषयाचाच एक भाग आहे. म्हणून मी सुरुवात आपल्या घरातून करते.

घरात अडचण आली की पहिल्यांदा काय बाहेर निघतं? बाईच्या अंगावरचं सोनं. मुलाचं दवाखान्याचं बिल असो, विहीर खोदायची असो, नाहीतर मुलीचं लग्न असो, पोत आणि पाटल्या सोनाराकडे जातात. १९९१ साली आपल्या देशाने हेच केलं. आखाती युद्धामुळे तेल महागलं, परदेशातल्या भारतीयांनी इथल्या बँकांतल्या ठेवी काढून घ्यायला सुरुवात केली, आणि दोन-तीन आठवडे आयात भागेल एवढंच परकीय चलन तिजोरीत उरलं. मे महिन्यात वीस टन सोनं परत विकत घ्यायच्या बोलीवर बाहेर गेलं. जुलैमध्ये आणखी सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवलं. त्याच महिन्याच्या १ आणि ३ तारखेला रुपयाची किंमत उतरवली.

तारण सुटलं. पण गहाणवटीच्या मागोमाग अटी येतात, हे सोनाराच्या पायऱ्या चढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. नाणेनिधीचं कर्ज आलं ते सरकारने खर्च आवरावा या अटीवर. आवरलेला खर्च कोणाच्या वाट्याचा? १९९१च्याच अर्थसंकल्पात खतं महागली. पुढे १९९७ मध्ये रेशनमध्ये दारिद्र्यरेषेच्या वरचे आणि खालचे अशी फाळणी झाली, आणि आपण बायका वर्षानुवर्षं कार्डाच्या रंगासाठी तहसील कचेरीत खेटे घालत राहिलो. सोनं लंडनला गेलं आणि रांग आपल्या गावात लागली.

तेव्हा या विषयाकडे कसं पाहायचं? परदेशी पैसा वाईट आणि देशी पैसा चांगला, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आपल्या चळवळीतही ते पुष्कळदा म्हटलं गेलं. पण आपल्याच नगर जिल्ह्याचा, आता कागदोपत्री झालेल्या अहिल्यानगरचा, हिशेब मांडला तर ते टिकत नाही. मी आज तीन प्रश्न सांगणार आहे. पैसा कुठलाही असो, त्याला हे तीन प्रश्न विचारायचे. एक, तो कोणत्या अटीवर आला? दोन, तो किती दिवस थांबणार? तीन, बुडाला तर भरणार कोण?

आता जिल्ह्यातली उदाहरणं घेऊ.

पहिलं उदाहरण पाण्याचं. १९७२चा दुष्काळ आपल्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींनी पाहिलेला आहे. खडी फोडायला आणि पाझर तलावाची माती वाहायला याच जिल्ह्यातल्या बाया उभ्या होत्या. त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी आली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. तिला पैसा कुठून आला, ठाऊक आहे? शहरातल्या नोकरदार आणि व्यावसायिकांवर १९७५ साली बसवलेल्या व्यवसाय करातून मोठा वाटा आला. मुंबईचा पैसा गावाकडे वळला, आणि त्याला अट होती ती कामाच्या हक्काची, स्त्री-पुरुषांना सारख्या मजुरीची. पैशाचा ओघ वळवता येतो आणि त्याला आपल्या बाजूची अटही घालता येते, याचा हा घरचा पुरावा. २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा हाच अनुभव पाठीशी होता.

त्यानंतर १९९०च्या दशकात जिल्ह्यात जर्मनीचा पैसा आला. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम. नगरमध्ये अनेक वर्षं काम केलेले स्विस जेसुइट फादर हर्मन बाखर यांचा त्यात पुढाकार होता. जर्मन सरकारचा निधी नाबार्डमार्फत गावाकडे येई. हा पैसा कर्ज म्हणून गावाच्या डोक्यावर बसला नाही, तो अनुदान होता. पण अट होती: श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्यातलं गाजलेलं गाव. तिथे १९९६ पासून पाच वर्षं काम चाललं. डोंगरावर चर खणले, झाडं लावली, बांध घातले. विहिरींना पाणी आलं. वर्षातून तीन-चार महिने मिळणारं शेतीकाम नऊ-दहा महिन्यांवर गेलं. हे खरं आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. टँकरची वाट पाहण्यात दिवस घालवलेल्या बाईला त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण आपण पहिला प्रश्न पुन्हा विचारू. अट कोणी पाळली? चराईबंदी झाली तेव्हा शेळ्या कुठे गेल्या? शेळी ही भूमिहीन बाईची बँक. घरात मीठ-मिरची संपली, पोराची फी भरायची आली की ती विकता येते. कुरण बंद झालं की शेळ्या-मेंढ्या विकाव्या लागतात, नाहीतर चाऱ्यासाठी दोन कोस लांब जावं लागतं. कुऱ्हाडबंदीत सरपणाची वाटही लांबते. म्हणूनच दरेवाडीतही धनगरांनी आणि भूमिहीनांनी सुरुवातीला विरोध केला होता. आणि पाणी आलं ते कोणाच्या विहिरीला? ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्या. आपल्या राज्यात १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा हक्क मिळाला, पण आपल्यापैकी किती जणींचं नाव उताऱ्यावर आहे? हात वर करा म्हटलं तर किती हात वर येतील, ते आपल्याला माहीत आहे.

म्हणजे चांगल्या हेतूने आलेला, परतफेड न मागणारा पैसासुद्धा गावातल्या जुन्या वाटांनीच वाहतो. बंधारा नवा असला तरी उतार जुनाच. तो उतार बदलायचा तर अट आधी घालावी लागते: भूमिहीनांना पाण्यात किंवा चाऱ्यात वाटा किती, समितीत बायका किती, आणि त्या नुसत्या सहीपुरत्या की बोलण्यापुरत्याही.

आता दुसरं उदाहरण, स्वतःच्या पैशाचं. लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्यांनी शेअर घेतले, सरकारी वित्त महामंडळाचं कर्ज मिळालं. त्याआधी जिल्ह्यात साखर होत होती ती खाजगी कंपन्यांच्या कारखान्यात, आणि नफा जिल्ह्याबाहेर जात होता. सहकाराने तो नफा इथे थांबवला. त्यातून शाळा, कॉलेजं, दवाखाने झाले. दुसऱ्या प्रश्नाचं, किती दिवस थांबणार याचं, इतकं चांगलं उत्तर परदेशी पैशाकडून क्वचितच मिळेल.

आणि तरीही हा कारखानदारीचा सारा डोलारा कोणाच्या खांद्यावर? पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून आणि शेजारच्या बीडहून दरवर्षी फडावर जाणाऱ्या जोडप्यांच्या. मुकादम उचल देतो, ती ‘कोयत्या’ला देतो. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. पैसे नवऱ्याच्या हातात पडतात आणि फेड दोघांच्या अंगातून होते. बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. खाडा पडला की दंड, म्हणून पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. हा पैसा लंडनचा नव्हता, न्यूयॉर्कचाही नव्हता. तो आपल्याच मातीतला होता. म्हणून म्हणते, पैशाचं गाव विचारून भागत नाही.

तिसरं उदाहरण नगर-पुणे रस्त्यावरचं. पारनेर तालुक्यातल्या सुप्याची औद्योगिक वसाहत आपण येता-जाता पाहतो. तिथे जपानी उद्योगांसाठी वेगळा भाग राखून ठेवला गेला. अमेरिकन आणि चिनी भागीदारीतली वातानुकूलन यंत्रांची कंपनीही तिथे आली. ही कारखान्याची गुंतवणूक. जमीन, शेड, यंत्रं असल्यामुळे हा पैसा एका रात्रीत उठून जात नाही. आणि सरकार मनात आणलं तर अशा पैशाला अट घालू शकतं, हेही आपण पाहिलं. २०२०च्या एप्रिलमध्ये केंद्राने नियम केला की जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी सरकारची परवानगी लागेल. म्हणजे सीमेच्या काळजीपोटी अट घालता येते. मग कामगाराच्या काळजीपोटी का घालता येऊ नये? पारनेरच्या मुलींना किती जागा, कायम किती आणि ठेकेदाराकडून किती, रात्रपाळीला वाहन आहे का, २०१३च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती आहे का, हे प्रश्न जमीन आणि सवलती देतानाच विचारायला हवेत. फीत कापून झाल्यावर विचारले तर ऐकणारं कोणी नसतं.

कोणी म्हणेल, अटी घातल्या तर पैसा येणारच नाही. दक्षिण कोरियाचा इतिहास काढून पाहा. १९६० आणि ७०च्या दशकांत त्या देशाने परदेशातून भरपूर कर्ज घेतलं. पण कर्ज कोणत्या उद्योगात जाईल हे सरकारने ठरवलं, बँका ताब्यात ठेवल्या, निर्यात करून दाखवा असा दंडक लावला. पैसा आला आणि देश उभा राहिला. मात्र तिथेही कापडगिरण्यांतल्या तरुण मुलींनी कमी मजुरीवर दिवसाचे बारा-चौदा तास काम केलं, हे विकासाच्या पुस्तकांत बारीक अक्षरात असतं. पुढे १९९०च्या दशकात कोरियाने दारं सैल केली, थोड्या मुदतीचं कर्ज वाढलं. १९९७च्या जुलैत थायलंडचं चलन कोसळलं, घाबरलेला पैसा एकेका देशातून पळाला, आणि वर्षाअखेरीस कोरियाला नाणेनिधीच्या दारात उभं राहावं लागलं. १९९८च्या सुरुवातीला लोकांनी देशासाठी सोनं दिलं, दोनशे टनांहून जास्त. बायकांनी लग्नातल्या अंगठ्या दिल्या. आणि कारखान्यांनी, बँकांनी नोकरकपात केली तेव्हा बायकांनाच आधी घरी बसवलं, कारण ‘घर नवरा चालवतो’. सोनं देताना बाई देशाची आणि पगार देताना नवऱ्याची!

हा जो पळणारा पैसा आहे, तो आपल्याकडे १९९२ पासून शेअर बाजारात येऊ लागला. तो कारखाना बांधत नाही. तो शेअर आणि रोखे घेतो, भाव पाहतो आणि जातो. २०१३ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने नुसतं सुचवलं की बाजारात पैसा ओतणं कमी करू, तर मे महिन्यात डॉलरला ५५ रुपयांच्या आसपास असलेला भाव ऑगस्टअखेर ६८च्या वर गेला. २०२०च्या मार्चमध्ये करोना आला आणि एका महिन्यात एक लाख कोटी रुपयांहून अधिक परदेशी गुंतवणूक बाजारातून निघून गेली. तुम्ही म्हणाल, आमचे कुठे शेअर आहेत? शेअर नाहीत, पण कढईत तेल आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरून येतो. डिझेल ज्यापासून बनतं ते कच्चं तेल बहुतेक बाहेरून येतं. रुपया घसरला की बाजाराच्या दिवशी पिशवी हलकी होते. पुरुष पगार आणतो तो तेवढाच. त्यात भागवायचं कसं, ही कसरत आपली. त्या कसरतीला कुठल्याही राष्ट्रीय हिशेबात रकाना नाही.

आता तिसरा प्रश्न, बुडाला तर भरणार कोण? याचं सर्वांत मोठं उत्तर महाराष्ट्रानेच जगाला दिलं. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प. १९९२ साली प्राथमिक करार झाला. तो किफायतशीर नाही असं सांगून जागतिक बँकेने १९९३ मध्ये पैसे द्यायला नकार दिला, तरी करार पुढे गेला. वीज घेतली नाही तरी वीज मंडळाने ठराविक आकार भरायचा, दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला, वर राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. कंपनीची जोखीम कंपनीने आपल्या गळ्यात बांधली. गुहागर परिसरातल्या लोकांनी विरोध केला. १९९७च्या जूनमध्ये पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळी वस्तीत शिरले, बायकांना घराबाहेर ओढून मारलं, अटक केली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याची नोंद केली आहे. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये मंडळाला ती परवडेना म्हणून बंद झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं निघालं. कंपनी बुडाली. भुर्दंड मात्र इथल्या सार्वजनिक तिजोरीवर आणि बँकांवर राहिला. करार वाचायला मागणाऱ्यांना त्या वेळी विकासविरोधी म्हटलं होतं, हे विसरू नका.

आणि आता शेवटचं, जे या सभागृहातल्या बहुतेकींच्या पर्समध्ये आहे. कर्जाचं कार्ड.

१९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. तेव्हा आधी बचत आणि मग कर्ज होतं. पैसा आपला, व्याज आपल्याच गटात. नंतर कंपन्या आल्या. मायक्रोफायनान्स कंपनी बँकांकडून उचलते, युरोप-अमेरिकेतल्या गुंतवणूक निधींचं भांडवल घेते, आणि वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास व्याजाने आपल्याला देते. त्या निधीला दरवर्षी वाढ हवी असते. वाढ दाखवायची तर कर्ज वाटायला हवं, गरज असो वा नसो. २०१० साली अशा एका मोठ्या कंपनीचे शेअर बाजारात आले, त्यांवर उड्या पडल्या. त्याच वर्षी आंध्रात एकेका बाईवर चार-चार कर्जं झाली, वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या, आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. आंतरराष्ट्रीय भांडवलाचं शेवटचं टोक कुठे असतं असं कोणी विचारलं, तर सांगा, आमच्या ओट्यावरच्या दर आठवड्याच्या मिटिंगमध्ये. इथे तारण सोनं नाही. तारण आहे शेजारणीची लाज. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्या नऊजणी तिच्या दारात उभ्या राहतात. आपल्या भगिनीभावाचं हे असं वसुलीचं यंत्र झालं.

पण इथेही अट मागता येते, आणि थोडी मिळालेलीही आहे. रिझर्व्ह बँकेचे २०२२चे नियम लिहून घ्या. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मिळणारं असं कर्ज बिनतारणाचं असलं पाहिजे. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. व्याज आणि इतर आकार दाखवणारा माहितीचा कागद आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळाला पाहिजे. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर त्रास द्यायचा नाही, धमकी नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना छळणं नाही. मात्र त्याच नियमांनी व्याजाची पूर्वीची कमाल मर्यादा काढून टाकली आहे, दर कंपनी ठरवते. म्हणून दर आधी विचारायचा, अंगठा नंतर.

मैत्रिणींनो, १९८०च्या दशकात याच जिल्ह्यात, संगमनेरला परित्यक्तांचा प्रश्न उभा राहिला. तोवर टाकलेल्या बायका प्रत्येक गावात होत्या, पण त्यांना कोणी मोजत नव्हतं. मोजल्या, तेव्हा प्रश्न दिसला. भांडवलाचंही तसंच आहे. ते आकाशातून पडत नाही आणि शाप म्हणूनही येत नाही. ते कागदावर येतं. त्या कागदाला अटी असतात, मुदत असते, हमीदार असतो.

तर गावी गेल्यावर एवढं करू. पाणलोटाचा किंवा कुठलाही प्रकल्प येईल तेव्हा ग्रामसभेत शेळ्यांचा, सरपणाचा आणि सातबाऱ्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी मांडू. वसाहतीत कारखाना येईल तेव्हा ठेकेदारीचा आणि समितीचा प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारू. फडावर जाणाऱ्या बाईची मजुरी वेगळी लिहा, असा आग्रह मुकादमापाशीच नाही तर कारखान्यापाशी धरू. आणि पुढच्या मिटिंगला सगळ्याजणी आपापली कर्जाची कार्डं घेऊन बसू, मोठ्याने वाचू, बेरीज करू. जिला वाचता येत नाही तिचं कार्ड शेजारणीने वाचायचं. हप्त्यासाठी शेजारणीच्या दारात उभं राहण्यापेक्षा हे काम बरं.

अडचण आली की सोनं आपणच काढून देत आलो. यापुढे देण्याआधी कागद हातात घेऊ आणि विचारू: अट काय, मुदत किती, आणि बुडालं तर कोणाचं बुडणार?